कडेवरच्या मुलाला साईबाबा कसे सांगायचे?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की घराघरांत शिर्डीचा बेत ठरतो. पूर्वी या बेतात दर्शन, प्रसादालयातले जेवण आणि परतीची एसटी एवढेच असायचे. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. सकाळी समाधी मंदिरात दर्शन घ्यायचे आणि दुपारी ‘साईतीर्थ’ या थीम पार्कमध्ये किंवा त्याच्या शेजारच्या पाण्याच्या पार्कमध्ये जायचे. आजीची इच्छा आणि नातवंडांची हौस एकाच फेरीत पुरी होते, म्हणून घरातले सगळेच खूश असतात.

या सगळ्यांत एकजण असा असतो की ज्याला कुणी काही विचारत नाही. तो म्हणजे कडेवरचा दोन-तीन वर्षांचा जीव. दर्शनाच्या रांगेत त्याला फक्त मोठ्यांच्या पाठी आणि पिशव्या दिसतात. पार्कच्या अंधाऱ्या सभागृहात खुर्च्या हलू लागल्या, तोंडावर पाण्याचे तुषार उडाले की तो आईच्या खांद्यात तोंड लपवतो. आणि संध्याकाळी, सगळे दमलेले असताना, तो नेमका प्रश्न विचारतो, की हे बाबा कोण होते?

मग मोठ्यांची पंचाईत होते. नवस, चमत्कार, गुरुवारचा उपास यांविषयी आपण तासभर बोलू शकतो. १९७७ सालच्या हिंदी चित्रपटातले सुधीर दळवी आपल्या डोळ्यांसमोर असतात. पण तीन वर्षांच्या मुलाला कळेल असे त्या माणसाचे आयुष्य सांगायचे, तर सुरुवात कुठून करायची हेच सुचत नाही. वास्तविक थोरामोठ्यांच्या चरित्रांत लहान मुलांना इतके जवळचे वाटेल असे चरित्र क्वचितच सापडेल.

नाव नसलेला मुलगा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिर्डी हे नगर जिल्ह्यातले, तेव्हाच्या कोपरगाव तालुक्यातले एक लहानसे खेडे होते. त्या गावात एका कडुनिंबाखाली सोळा-एक वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. ऊन असो, थंडी असो, तो तिथेच असे. त्याने आपले नाव सांगितले नाही, गाव सांगितले नाही, आईवडील कोण तेही सांगितले नाही. काही काळाने तो दिसेनासा झाला.

पुढे धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या घरचे वऱ्हाड शिर्डीला आले, त्या वऱ्हाडाबरोबर तो पुन्हा आला. परंपरेने हे साल १८५८ मानले जाते. बैलगाड्या खंडोबाच्या देवळापाशी सुटल्या. देवळाचे पुजारी म्हाळसापती हे जातीने सोनार. त्यांनी या तरुण फकिराचे साई म्हणून स्वागत केले. ज्याला नाव नव्हते त्याला असे दुसऱ्याने दिलेले नाव मिळाले आणि तेच कायम राहिले. वऱ्हाड परत गेले, पण फकीर मात्र शिर्डीतच राहिला. १९१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, त्याने ते गाव सोडले नाही. जवळच्या राहाता, नीमगावापलीकडे त्याचे जाणे-येणे नव्हते.

सुरुवातीला गावाने त्याला वेडा फकीरच मानले. तो पायांत घुंगरू बांधून तकियात नाचे, गाई. रानात एकटाच भटके. त्याची तब्येत पहिलवानी होती. गावातल्या मोहिद्दीन तांबोळी नावाच्या माणसाशी एकदा त्याची कुस्ती झाली आणि त्यात तो हरला. त्यानंतर त्याने पोशाख बदलला. लांब कफनी, कमरेला लंगोट आणि डोक्याला फडके हा आपल्याला चित्रांतून ओळखीचा असलेला वेष तेव्हापासूनचा आहे. संत झालेला माणूस कुस्तीत हरला होता, ही गोष्ट मुलांना सांगून पाहा. पुढचे सगळे ती कान देऊन ऐकतात.

या वेड्या फकिराची काळजी पहिल्यांदा वाटली ती बायजाबाई कोते पाटील यांना. त्या डोक्यावर भाजीभाकरीची पाटी घेऊन भर दुपारी काट्याकुट्यांतून त्याला शोधत जात, पान मांडत आणि जेवू घालत. त्यांचा मुलगा तात्या. तो बाबांना मामा म्हणे. हा तात्या आणि म्हाळसापती पुढे चौदा वर्षे बाबांबरोबर मशिदीत झोपत. तिघांची डोकी तीन दिशांना आणि पाय मध्यभागी एकमेकांना टेकलेले. मध्यरात्रीपर्यंत गप्पा चालत. एकाचा डोळा लागला की दुसऱ्याने त्याला हलवून जागे करायचे. सुट्टीत आजोळी एका सतरंजीवर झोपणाऱ्या भावंडांना ही झोपण्याची तऱ्हा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दर्शनाच्या रांगेखाली दडलेली बाग

शिर्डीत आज जिथे सर्वांत जास्त गर्दी असते ती जागा म्हणजे समाधी मंदिर. तिथे एके काळी ओसाड उकिरड्यासारखी मोकळी जमीन होती. बाबांनी राहात्याहून झेंडू, जाई आणि जुई यांची रोपे आणली, जमीन साफ केली आणि रोपे लावली. वामन तात्या नावाचा कुंभार त्यांना रोज मातीचे दोन घडे देई. घडे कच्चे, न भाजलेले असत. बाबा विहिरीचे पाणी काढून खांद्यावरून ते घडे वाहत आणि झाडांना पाणी घालत. संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवले की फुटून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन नवे घडे. तीन वर्षे हा क्रम चालला आणि तिथे बाग उभी राहिली.

पुढे नागपूरचे श्रीमंत भक्त बापूसाहेब बुटी यांनी त्याच जागेवर दगडी वाडा बांधायला घेतला. त्यात मुरलीधराची मूर्ती बसवायचा त्यांचा विचार होता. प्रत्यक्षात तिथे बाबांचा देह विसावला आणि वाड्याचे समाधी मंदिर झाले. आज देशभरातून येणारी माणसे ज्या फरशीवरून पुढे सरकतात, तिच्याखाली एका तरुणाने स्वतः पाणी घालून वाढवलेली झेंडूची बाग होती. रांगेत कंटाळलेल्या मुलाच्या कानात हे सांगितले, तर त्याला पायांखाली पाहण्यासारखे काहीतरी मिळते.

हंडी, जाते आणि मशिदीतली वर्दळ

बाबा ज्या पडक्या मशिदीत राहत, तिला त्यांनीच द्वारकामाई म्हटले. सुरुवातीला तिथली जमीन मातीची होती आणि तिच्यात गुडघाभर खड्डे होते. फरसबंदी नंतर भक्तांनी केली. बाबा गावातल्या काही ठरावीक घरांतून भिक्षा मागून आणत. भाकरी झोळीत आणि पातळ पदार्थ टमरेलात. सगळे एका कुंडीत एकत्र होई. कुत्री, मांजरे आणि कावळे त्यातले खुशाल खात, मशीद झाडणारी बाईही त्यातूनच भाकरी घेऊन जाई, आणि त्यांना कुणी हटकत नसे.

कधी कधी बाबा स्वतः स्वयंपाक करीत. बाजारातून धान्य, मसाला स्वतः आणायचा, स्वतः पाट्यावर वाटायचा आणि मशिदीसमोर चुलीवर हंडी चढवायची. लहान हंडीत पन्नास माणसांचे, मोठीत शंभरांचे अन्न शिजे. कधी गोड भात, कधी पुलाव. दुपारी सगळ्यांना पोटभर वाढायचे. दक्षिणा म्हणून आलेला पैसाही संध्याकाळपर्यंत वाटून संपे, आणि तो घेणाऱ्यांत गावातली चिमुरडी पोरेही असत. मशिदीला लागूनच शाळा होती. त्या शाळेतले मास्तर माधवराव देशपांडे पुढे बाबांचे सर्वांत निकटचे भक्त झाले. बाबा त्यांना शामा म्हणत.

१९१० नंतरच्या एका सकाळी वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट गोविंद रघुनाथ दाभोलकर मशिदीत आले, तेव्हा बाबा गोणपाटावर बसून जात्यावर गहू दळत होते. गावातल्या चार बायांनी पुढे होऊन खुंटा हातात घेतला. पीठ घरी न्यायचा त्यांचा विचार होता, पण बाबांनी ते गावाच्या शिवेवर नेऊन टाकायला लावले. गावात पटकीची साथ होती, आणि त्यानंतर ती ओसरली असे गावकरी मानत. हे दृश्य पाहून दाभोलकरांना बाबांचे चरित्र लिहावेसे वाटले. त्यातून ओवीबद्ध ‘श्री साईसच्चरित’ हा ग्रंथ तयार झाला. आपल्याला बाबांविषयी जे काही माहीत आहे, त्यातले बरेचसे या एका ग्रंथामुळे आहे.

दूरच्या गावातले एक मूल

याच ग्रंथात एक प्रसंग आहे. १९१० साल, धनत्रयोदशीचा दिवस. बाबा धुनीपाशी बसून लाकडे सारत होते. एकाएकी त्यांनी लाकडाऐवजी आपला हातच आगीत घातला. जवळच्या नोकराने आणि माधवरावांनी त्यांना मागे ओढले, तोवर हात चांगलाच भाजला होता. भक्तांनी विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले ते असे, की दूरच्या गावी एका लोहाराची बायको भाता ओढत होती, नवऱ्याची हाक ऐकून ती उठली आणि कमरेला बांधलेले तिचे तान्हे मूल भट्टीत पडले. त्याला काढायला हात घातला. हात भाजला तरी मूल वाचले.

हा प्रसंग कुणी श्रद्धेने ऐकेल, कुणी शंकेने. पण त्यानंतर जे घडले ते सगळ्यांनी समोर पाहिलेले होते. नानासाहेब चांदोरकरांनी मुंबईहून डॉ. परमानंद यांना औषधपाण्यासह आणले. बाबांनी त्यांना हात दाखवला नाही. त्या हाताला तूप लावून रोज पट्टी बांधण्याचे काम त्यांनी भागोजी शिंदे यांच्याकडेच ठेवले. भागोजींना महारोग होता. ज्या काळात अशा माणसाची सावलीही लोक टाळत, त्या काळात बाबांनी आपला जखमी हात त्यांच्या हातात दिला.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांच्या पत्नी धाकट्या मुलाला घेऊन शिर्डीत राहिल्या असताना मुलाला ताप चढला आणि गाठ आली. प्लेगचे ते दिवस. परक्या गावात आजारी मूल घेऊन बसलेली आई घाबरून अमरावतीला निघायला परवानगी मागू लागली. बाबांनी तिला धीर दिला, आणि मुलाचे दुखणे आपण अंगावर घेतले आहे असे सांगून स्वतःच्या अंगावरच्या गाठी दाखवल्या, असे चरित्रात नमूद आहे. लहान मूल घेऊन प्रवासाला निघालेल्या कुठल्याही आईला त्या बाईची अवस्था समजेल.

जत्रा, पाळणा आणि ती फळी

थीम पार्क हा शब्द शिर्डीला नवा असला तरी करमणूक नवी नाही. कोपरगावचे गोपाळराव गुंड यांना बरीच वर्षे मूलबाळ नव्हते. मुलगा झाल्यावर त्यांच्या मनात उरूस भरवायचे आले आणि १८९७ साली तो भरला. तो रामनवमीलाच येई. दुकाने लागली, कुस्त्यांचे फड रंगले. १९१२ साली त्याला रामजन्माच्या उत्सवाची जोड मिळाली आणि मशिदीत बाळरामाचा पाळणा टांगला गेला. गुलाल उधळला, तो बाबांच्या डोळ्यांत गेला आणि ते भयंकर संतापले. लोक घाबरून पांगले. पण थोड्या वेळाने भक्त पाळणा सोडायला गेले, तेव्हा उत्सव अजून संपलेला नाही म्हणून बाबांनीच त्यांना थांबवले. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला झाल्यावरच पाळणा उतरला. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जत्रेत रेवड्या, गोडीशेव, पिपाण्या आणि रहाटपाळणा यांवाचून मुलांचे चालत नाही. त्या आनंदाला बाबांनी कधी नाक मुरडले नाही.

पण त्यांच्याच आयुष्यात दुसराही एक प्रसंग आहे. नानासाहेब डेंगळे यांनी त्यांना झोपायला एक लाकडी फळी आणून दिली. चार हात लांब आणि जेमतेम वीतभर रुंद. बाबांनी ती जुन्या चिंध्यांनी मशिदीच्या आढ्याला टांगली. चार कोपऱ्यांना चार पणत्या लावल्या आणि त्या फळीवर ते झोपू लागले. त्या चिंध्या फळीचा भार कसा सोसतात आणि बाबा वर चढतात कसे, हे कुणालाच कळेना. मग ते पाहायला लोक जमू लागले. गर्दी वाढली. शेवटी एके दिवशी बाबांनी ती फळी मोडून टाकून दिली.

जत्रा त्यांना चालत होती, पण आपलाच खेळ झालेला चालला नाही. हा फरक लक्षात ठेवून पार्ककडे पाहिले पाहिजे.

पार्कमध्ये काय घ्यावे

संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने उभारलेल्या ‘साईतीर्थ’मध्ये देशातल्या मोठ्या देवळांच्या प्रतिकृतींमधून फिरवणारी ‘तीर्थयात्रा’ आहे. बाबांच्या आयुष्यावरचा ‘सबका मालिक एक’ हा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवतात. ‘लंका दहन’मध्ये पडद्यावरच्या प्रसंगाबरोबर प्रेक्षकांनाही धक्के आणि तुषार यांचा अनुभव मिळतो. आणि ‘द्वारकामाई’त यंत्राने हालचाल करणारे, बोलणारे बाबा समोर दिसतात.

सात-आठ वर्षांच्या मुलांना यातले बहुतेक सगळे आवडते आणि आवडावेच. चालते-बोलते बाबा पाहून त्यांना प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडणे ही चांगलीच गोष्ट. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला अंधार, मोठा आवाज आणि हलणारी खुर्ची यांत खेळ कुठे संपतो आणि खरे कुठे सुरू होते हे कळत नाही. हनुमानाच्या शेपटीची आग त्याच्यासाठी खरीच असते. म्हणून त्याला सावकाश फिरवणारी यात्रा दाखवावी आणि धक्क्यांच्या खेळाला घरातल्या एकाने बाहेर त्याच्याजवळ थांबावे. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून रडणारे मूल आत दामटून बसवण्यात कुणाचेच भले नाही. नगरच्या उन्हाळ्यात दुपारच्या झोपेची वेळ पाळावी, पाण्यात खेळणाऱ्या मुलाजवळ हाताच्या अंतरावर मोठ्या माणसाने राहावे आणि एका दिवसात सगळे उरकण्याचा हट्ट सोडावा.

इतक्या लहान मुलाला पुढे यातले काही आठवणार नाही, मग न्यायचे कशाला, असे काहीजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. तारीख, तिकीट, देखावे हे त्याला आठवणार नाहीत. पण कुणाच्या तरी खांद्यावर बसून ऐकलेली गोष्ट घरी पुन्हा पुन्हा सांगितली की ती त्याची होते. म्हणजे पार्कमध्ये काय पाहिले यापेक्षा बरोबरच्या मोठ्या माणसाला काय सांगता आले, याला जास्त महत्त्व आहे. यंत्रातले बाबा ठरलेल्या वेळी ठरलेले बोलतात. वामन तात्याचे कच्चे घडे रोज का फुटायचे, या प्रश्नाचे उत्तर आजोबांनाच द्यावे लागते.

वाघ, वीट आणि शेवटचा दसरा

द्वारकामाईत वाघाची एक मूर्ती आहे. मुले तिच्यापाशी हमखास रेंगाळतात. १९१८ सालच्या ऑक्टोबरमध्ये काही दरवेशी एका बैलगाडीतून साखळदंडांनी बांधलेला वाघ घेऊन शिर्डीला आले. गावोगाव त्याचा खेळ दाखवून ते पोट भरत. वाघ आजारी पडला होता, म्हणून ते त्याला बाबांकडे घेऊन आले होते. मशिदीच्या पायरीशी त्या वाघाने बाबांकडे पाहिले, शेपटी आपटली आणि तिथेच प्राण सोडला. आयुष्यभर ज्याचा खेळ केला गेला त्या जनावराला बाबांच्या दारात शांत मरण आले, एवढे तरी त्यातून कुणालाही समजते.

त्याच सुमारास आणखी एक घटना घडली. बाबांकडे एक जुनी वीट होती. तिच्यावर हात टेकून ते बसत, रात्री उशाला घेत. एके दिवशी ते बाहेर गेले असताना मशीद झाडणाऱ्या पोराच्या हातून ती पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. बाबांना अतोनात दुःख झाले. आपली जन्माची सोबतीण गेली, आता आपणही जाणार, असे त्यांना वाटले. घरातली जपून ठेवलेली वस्तू लहानग्याच्या हातून फुटते तेव्हा आपण काय करतो, याचा विचार इथे ज्याचा त्याने करावा.

१५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. दुपारची वेळ. बाबांनी रोज भाकरी घेऊन येणाऱ्या लक्ष्मीबाई शिंदे यांना आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले. बरोबरच्या भक्तांना जेवायला पाठवले आणि थोड्याच वेळात देह ठेवला. त्यांना कुठल्या रीतीने अखेरची जागा द्यावी यावर हिंदू-मुसलमान गावकऱ्यांत मतभेद झाले, आणि अखेर बुटींच्या वाड्यात, जुन्या बागेच्या जागी, समाधी बांधली गेली. १९२२ साली संस्थानाची रीतसर स्थापना झाली. १९५४ साली मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती तिथे बसली. १९१८ पर्यंत कोपरगाव स्टेशनावरून टांग्याने गाठावे लागणारे हे खेडे २०१७ साली विमानतळाला जोडले गेले.

या माणसाने नाव, जात, आईबाप यांतले काहीच सांगितले नाही. मागे उरली ती कफनी, चिलीम, टमरेल, जाते आणि धुनी. दीक्षित वाड्यातल्या संग्रहालयात आणि द्वारकामाईत त्यांतल्या वस्तू पाहायला मिळतात. लेंडी बागेत झाडांची सावली आहे. दर्शन झाल्यावर आणि पार्कमध्ये जाण्याआधी मुलाला अर्धा तास तिथे खाली उतरवावे. त्याला पाला गोळा करू द्यावा, मातीत बोट घालू द्यावे. त्याने विचारले तर सांगावे, की इथे एक माणूस होता, तो फुलझाडे लावायचा, कुत्र्या-मांजरांना आपल्या ताटातले द्यायचा आणि सगळ्यांसाठी मोठ्या हंडीत गोड भात शिजवायचा. तीन वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. बाकीचे तो मोठा झाल्यावर स्वतः वाचेल.